उन्हात गाडीला पॉलिश नको

मार्च संपत आला की नागपूर, चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागात वॉशिंग सेंटरसमोर गाड्यांची रांग लागते. पाडव्याला नवी गाडी दारात आलेली असते, अक्षय तृतीयेला आणखी येणार असतात, लग्नसराई तोंडावर असते आणि प्रत्येकाला गाडी चकचकीत हवी असते. त्यातच कुठूनतरी फोन येतो, "साहेब, उन्हाळा लागला, रंग उडेल, रबिंग-पॉलिश करून घ्या." माणूस धास्तावतो, गाडी नेऊन देतो. मग भर दुपारी, तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली नाहीतर सरळ उघड्यावर, बॉनेटवर मशीन फिरायला लागतं.

हौसेनं गाडी घेतलेल्या, तिचे हप्ते भरणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की हे थांबवा. एप्रिल-मे महिन्यांत पॉलिश करूच नका. ते काम दिवाळीनंतरच्या थंडीसाठी ठेवा. उन्हाळ्यात गाडीला हवा असतो तो वॅक्सचा एक पातळ थर, आणि तोही उजाडण्याच्या सुमारास, थंड पत्र्यावर लावलेला. बाकीचं काम सावली आणि स्वच्छ पाणी करतं.

पॉलिश आणि वॅक्स ही दोन वेगळी कामं आहेत. बिलावर मात्र पुष्कळदा दोन्ही 'पॉलिश' म्हणूनच लिहिली जातात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ते रंगाचा सगळ्यांत वरचा थर घासून सपाट करतात, त्या थरासोबत ओरखडा निघून जातो आणि पत्रा आरशासारखा दिसायला लागतो. म्हणजे प्रत्येक पॉलिशला गाडीवरचं थोडं काहीतरी कायमचं कमी होतं. रबिंग कंपाउंड हा त्यातलाच भरड प्रकार, त्यात कमी होतं ते जास्त. वॅक्स घासत नाही. ते वर एक संरक्षक थर चढवतं. ओरखडे त्यानं जात नाहीत, फार तर बारीकसे भरले जाऊन कमी दिसतात.

पॉलिशनं जे कमी होतं ते मोजून बघा, म्हणजे मी एवढा आग्रह का धरतो ते कळेल. आजच्या गाडीवर खाली प्रायमर, मध्ये रंग आणि सगळ्यांत वर रंगहीन क्लिअर कोट असतो. या क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा ते विसावा भाग. उन्हातले अतिनील किरण अडवणारं द्रव्य याच थरात मिसळलेलं असतं. जोरदार रबिंगमध्ये त्यातले दोन-चार मायक्रॉन सहज जातात आणि ते परत येत नाहीत. दरवर्षी हौसेनं रबिंग करून घेतलेल्या सात-आठ वर्षांच्या गाडीचा टप आणि बॉनेट नीट बघा. पांढुरके चट्टे आणि कडेला सुटलेले पापुद्रे दिसतील. लोक म्हणतात, उन्हानं रंग खाल्ला. ऊन त्याला कारण आहेच, पण उन्हाशी झुंजणारा थर आपण पैसे देऊन घासून काढलेला असतो, त्याचं काय?

आता हेच काम विदर्भातल्या मे महिन्यात काय होतं ते बघू. हवा ४५ अंशांच्या वर गेली की उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा पत्रा ७० ते ८० अंशांपर्यंत तापतो. पांढरी गाडी यापेक्षा बरीच कमी तापते, पण तिच्यावरही हात ठेववत नाही. क्लिअर कोट हा शेवटी प्लास्टिकच्या जातीचा थर आहे, तापला की तो मऊ पडतो. पॉलिशमध्ये घासणाऱ्या कणांना तेलकट द्रवाचं वंगण दिलेलं असतं. तापलेल्या पत्र्यावर ते वंगण काही क्षणांत उडून जातं आणि कोरडे कण मऊ पडलेल्या थरावर घासले जातात. त्यावर बफिंग मशीनची स्वतःची उष्णता. दाराच्या कडा, बॉनेटवरच्या उभ्या रेघा, चाकावरची वळणं या जागी रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथे मशीन जरा रेंगाळलं की खालचा प्रायमर दिसायला लागतो. बंपर तर प्लास्टिकचा. लोखंडी पत्रा उष्णता आजूबाजूला पसरवतो, प्लास्टिक ती जागच्या जागी धरून ठेवतं, म्हणून बंपरवर रंग सगळ्यांत आधी जळतो. हे नुकसान पुसून जात नाही. तो भाग नव्यानं रंगवावा लागतो, आणि कंपनीत भट्टीत १४० अंशांच्या आसपास भाजून बसवलेल्या रंगाची सर गल्लीतल्या रंगाला येत नाही.

वॅक्सची गोष्ट थोडी वेगळी आहे. चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा नावाचं मेण असतं. ब्राझीलच्या ईशान्य भागात, सियारा आणि पियाउई या कोरड्या, तापलेल्या राज्यांत एक ताड वाढतो. तिथल्या कडक उन्हाळ्यात पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड स्वतःच्या पानांवर मेणाचा थर धरतं. पानं तोडून वाळवतात, झोडपतात आणि झडलेली भुकटी वितळवून गाळून घेतात. हे मेण ८२ ते ८६ अंशांच्या दरम्यान वितळतं, वनस्पतींपासून मिळणाऱ्या मेणांत हे फार वरचं तापमान आहे. आपलं मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांनाच पातळ होतं. म्हणजे उन्हापासून राखण करायला कार्नोबा अगदी योग्य. पण डबीत ते मेण एकटं नसतं. फासता यावं म्हणून ते उडून जाणाऱ्या द्रवात कालवलेलं असतं. तो द्रव सावकाश उडाला तर मेण सारखं पसरतं. तापलेल्या पत्र्यावर तो भुर्रकन उडतो, मेण पसरायच्या आधीच पट्ट्यापट्ट्यांनी वाळतं आणि खापरासारखं चिकटून बसतं. मग पुसणारा जोर लावतो, फडका बदलतो, पाणी मारतो, पुन्हा जोर लावतो. त्या जोरात जे ओरखडे पडतात ते मेणाखाली झाकले जातात आणि महिन्याभरानं मेण उतरलं की उघडे पडतात. तोवर काम करणारा आठवतही नसतो.

तर वॅक्स लावायचं कसं? मी सांगतो तसं एकदा करून बघा, घरच्या घरी, सकाळच्या दोन-अडीच तासांत होतं.

तयारी आदल्या रात्री. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दिवसभर तापलेलं असतं, म्हणून दोन बादल्या रात्रीच भरून ठेवा. गाडीही रात्रीच आणून उभी करा, इंजिन पूर्ण निवलं पाहिजे. पहाटे बाहेर जाऊन लगेच परत आलेल्या गाडीचं बॉनेट आतून तापलेलं असतं, तिथे वॅक्स दुपारसारखंच वाळेल. मे महिन्यात आपल्याकडे पहाटेची हवासुद्धा २७-२८ अंशांच्या खाली सहसा जात नाही, पण रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा हवेइतका, कधी त्याहूनही गार असतो. तेवढं पुरतं. हाताची मागची बाजू बॉनेटवर टेकवा. गार लागलं तर कामाला लागा, कोमट लागलं तर आज राहू द्या. संध्याकाळी करावं का, असं बरेच जण विचारतात. सूर्य मावळला तरी खालची फरशी, भिंती आणि पत्रा कितीतरी वेळ ऊन ओकत असतात. रात्री नऊच्या पुढे चालेल, पण तेव्हा दिव्याच्या उजेडात राहिलेले डाग दिसत नाहीत. पहाटच बरी. पत्र्याच्या शेडवर विसंबू नका. दुपारी ती सावली देते आणि वरून भाजतेही. इमारतीखालचं पार्किंग असेल तर उत्तम, फक्त हवा खेळती हवी, कारण वॅक्समधल्या द्रवाची वाफ नाकातोंडात जाते.

पहिल्यांदा धुणं. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको, त्यात आधीचं वॅक्सही जातं आणि रबरही कोरडं पडतं. सुरुवातीला नुसतं पाणी ओतून धूळ वाहू द्या, मग टपापासून खाली येत फडका फिरवा. प्रत्येक भाग झाला की फडका साध्या पाण्याच्या बादलीत खळखळून धुवा आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवा. काम संपल्यावर दुसऱ्या बादलीचा तळ बघा, बोटाला कचकच लागणारी वाळू साठलेली असते. एकाच बादलीत काम केलं असतं तर ती सगळी वाळू रंगावरून फिरली असती. चाकं शेवटी आणि वेगळ्या फडक्यानं, कारण तिथे ब्रेकची लोखंडी धूळ असते. नळी लावून गाडी धुऊ नका. तीस-चाळीस लिटर पाण्यात हे सगळं होतं आणि नळी तेवढं पाणी तीन-चार मिनिटांत सोडते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. आपल्या राज्यात उन्हाळ्यात रस्त्यावरून वाहत जाणारं गाडीचं पाणी बघवत नाही.

धुतलेली गाडी वाऱ्यावर वाळू देऊ नका. विदर्भ-मराठवाड्यात बोअरचं पाणी जड असतं, थेंब जागेवर वाळला की क्षाराचं पांढरं कडं उरतं. उन्हात ते रंगात रुतून बसतं आणि नंतर घासल्याशिवाय निघत नाही. म्हणून लगोलग मऊ, मोठ्या मायक्रोफायबर कपड्यानं पाणी टिपून घ्या. घासायचं नाही, कपडा पसरायचा आणि ओढायचा. जुने डाग असतील तर पांढरं व्हिनेगर तेवढंच पाणी घालून कापसानं लावा, मिनिटभर ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. डाग हटत नसेल तर हट्ट सोडा, थंडीत बघू.

आता वॅक्स. गाडी अख्खी एकदम फासायची नाही. अर्धं बॉनेट, मग उरलेलं अर्धं, मग एक दार, असं. ओलसर फोमवर सुपारीएवढं वॅक्स घ्या आणि हलक्या हातानं पसरा, इतकं पातळ की रंगावर जेमतेम धुकं आल्यासारखं दिसावं. जाड थर जास्त टिकत नाही, तो पुसण्यात जातो आणि फटींमध्ये पांढरा होऊन राहतो. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, खिडक्यांचं रबर, वायपरखालची जाळी यांना वॅक्स लागू देऊ नका, एकदा पांढरं पडलं की निघता निघत नाही. आधी कागदी टेप लावून घेतली तर चांगलंच. पाच-सात मिनिटांनी बोटाचं टोक फिरवून बघा. वॅक्स बोटाखाली फरफटलं तर अजून थांबा. कोरडी भुकटी होऊन खालचा रंग लख्ख दिसला तर पुसायला घ्या, आणि पुसताना कपडा उलटत राहा. जुना बनियन किंवा टॉवेल नको, शिवणीचा जाड दोराही रंगावर रेघ ओढतो. कपडा खाली पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. झटकून काही उपयोग नाही, वाळूचा कण धाग्यात अडकलेला राहतो.

असं लावलेलं वॅक्स आपल्या उन्हात, आपल्या धुळीत महिना-दीड महिना टिकतं. टिकलंय का ते पाणी सांगतं. थेंब टपोरे उभे राहत असतील तर आहे, पाणी चपटं पसरत असेल तर गेलं. मार्चमध्ये एकदा, मेमध्ये नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडावर एकदा, एवढं पुरे. दर पंधरा दिवसांनी लावून संरक्षण दुप्पट होत नाही.

वॅक्सपेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती रोज सकाळच्या फडक्याची. सोसायटीत एक जण एक बादली आणि एक फडका घेऊन वीस-पंचवीस गाड्या पुसतो. पाचव्या गाडीपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं होतं. कित्येक घरी तर कोरड्या फडक्यानंच धूळ झटकतात. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे कण असतात, चंद्रपूर आणि कोराडीकडे औष्णिक केंद्रांची राखही असते, आणि वाळूचा कण क्लिअर कोटपेक्षा कठीण असतो. कोरडा फडका फिरतो तेव्हा तो पॉलिशचंच काम करतो, फक्त वाईट प्रकारे. सकाळच्या तिरप्या उन्हात गडद रंगाच्या गाडीकडे बघा, प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतील. त्या या फडक्याच्या आहेत. त्याच रेघा काढायला आपण वर्षाला रबिंग करतो आणि थर पातळ करत जातो. म्हणून रोज पुसणं सोडा. धुळीची गाडी वाईट दिसते, पण नुसत्या धुळीनं रंगाला काही होत नाही, ती घासल्यानं होतं. काच आणि दिवे तेवढे रोज ओल्या कपड्यानं पुसा, बाकी गाडी आठवड्यातून एकदा दोन बादल्यांनी धुवा. पुसणाऱ्याला मात्र कामावरून काढू नका. त्याला महिन्याचे तेच पैसे द्या, दुसरी बादली आणि आपल्या गाडीचा स्वतंत्र कपडा द्या आणि आठवड्याला एकच धुणं नीट करून मागा. कव्हरबद्दलही हेच. धुळकट गाडीवर कव्हर घातलं आणि दुपारी वावटळ सुटली, की कव्हर आतून गाडी घासत बसतं.

पक्ष्यांच्या विष्ठेला मात्र आठवडा थांबायचं नाही. तिच्यात युरिक आम्ल असतं. उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन फुगतो, रात्री निवतो तेव्हा वाळलेल्या विष्ठेच्या आकाराभोवती आवळून बसतो आणि दोन-तीन दिवसांत तिथे खड्डा कायमचा उमटतो. नखानं खरवडू नका. ओला कपडा दहा मिनिटं ठेवून द्या, मऊ झाल्यावर उचलून घ्या. सावलीसाठी आपण गाडी झाडाखाली लावतो, ते बरोबरच आहे, पण झाड कोणतं ते बघा. कडुनिंबाचा फुलोरा चैत्रात झडतो, तो हलका, पाण्यानं जातो, डिंक मात्र रंगाला धरतो. मोहराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकटा टपावर बारीक तुषारांसारखा पडतो आणि त्यावर धूळ बसून काळं होतं. कोमट पाणी आणि शाम्पूनं त्याच दिवशी काढलं तर निघतं. समृद्धी महामार्गावरून रात्री आलात तर बंपरवर चिकटलेले किडे सकाळी ऊन चढायच्या आत भिजवून काढा.

नव्या गाडीच्या पूजेबद्दल एक विनंती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, हार घालतो, नारळ फोडतो. ते सगळं मनापासून करा. पण बरेच जण ते कुंकू शुभ म्हणून आठवडाभर तसंच राहू देतात, आणि एप्रिलच्या उन्हात, विशेषतः पांढऱ्या गाडीवर, त्याचा तांबूस डाग बसतो. संध्याकाळी ओल्या कपड्यानं हळूच टिपून घ्या किंवा स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर काढा. हाराची तार वाऱ्यानं हलून रंगावर घासते, गाडी चालवण्याआधी हार उतरवून घ्या.

टेफ्लॉन कोटिंगसाठी आग्रह होतो, त्याचा थोडा विचार करा. तव्यावर टेफ्लॉन बसवताना भट्टीत ३०० अंशांच्या बरंच वर तापवावं लागतं, कारण ते ३२७ अंशांना वितळतं. एवढी उष्णता गाडीच्या रंगाला देता येत नाही. मग त्या नावाखाली गाडीवर जे लावतात ते बहुतेक वेळा साधं सिंथेटिक वॅक्स असतं. ते वाईट नसतं, पण किमतीकडे बघताना हे लक्षात असू द्या. सिरॅमिक कोटिंग ही खरी, टिकाऊ गोष्ट आहे. पण ते लावायच्या आधी रंग पॉलिश करावा लागतो, लावल्यावर निदान एक दिवस पाणी लागू द्यायचं नसतं, आणि तापलेल्या हवेत ते पसरायच्या आत धरतं आणि ठिपके राहतात. तेव्हा हौस असेल तर वातानुकूलित, बंद जागेत किंवा मग डिसेंबरमध्ये. आणि सिरॅमिक केलं म्हणून धुणं सुटत नाही, खडा उडाला तर टवका उडतोच.

नुकतं डेंटिंग-पेंटिंग केलं असेल तर त्या भागाला दोन महिने वॅक्स लावू नका, नव्या रंगातले द्रव आतून बाहेर पडत असतात, त्यांना वाट हवी. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश कधीच नाही. डॅशबोर्डला तुकतुकीत करणारं पॉलिशही उन्हाळ्यात नको. त्याचं प्रतिबिंब काचेत पडून समोरचा रस्ता झाकोळतो. तापलेल्या पुढच्या काचेवर गार पाणी ओतू नका, खड्यानं बारीक टवका गेलेला असेल तर तडा तिथून धावत जातो.

आणि खिशात पैसे एकाच कामापुरते असतील तर ते पॉलिशला घालू नका, टायरला घाला. मेमधला तापलेला रस्ता, भरलेली गाडी, समृद्धीसारखा ७०१ किलोमीटरचा सलग महामार्ग आणि झिजलेले किंवा हवा कमी असलेले टायर हे जिवावर बेतणारं गणित आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकीच भरा. उन्हाळा आहे म्हणून कमी भरायची ही समजूत चुकीची आहे. हवा कमी असलेला टायर चालताना जास्त चेपतो आणि त्यामुळे जास्त तापतो.

शेवटचं बोलणं गाडीबद्दलचं नाही. दुपारी एक वाजता आपली गाडी पॉलिश होत असते तेव्हा तिच्याशेजारी एक माणूस उभा असतो. बहुधा वीस-बावीस वर्षांचा पोरगा, डोक्याला दुपट्टा बांधलेला, पायांखाली तापलेलं सिमेंट, हातात गरम झालेलं मशीन, तोंडासमोर सत्तर अंशांचा पत्रा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण दुपारी १२ ते ३ या वेळात उन्हात जाऊ नका म्हणून सांगतं. नागपुरात उन्हाळ्यात दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, लोकांना दोन मिनिटंही उन्हात थांबावं लागू नये म्हणून. आणि त्याच शहरात आपण त्या पोराकडून तीन तास बॉनेट घासून घेतो, कारण संध्याकाळी लग्नाला जायचं असतं. त्याला चक्कर येते, पायात गोळे येतात, तो सावलीत बसतो तर मालक ओरडतो, आणि मालक ओरडतो कारण आपण घड्याळ दाखवलेलं असतं. उष्माघातात माणूस बरळायला लागतो, अंग तापतं, पुष्कळदा घाम थांबतो. तेव्हा त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

ही वेळ येऊ न देणं आपल्या हातात आहे. वॉशिंग सेंटरवर गाडी द्यायचीच असेल तर आदल्या रात्री नेऊन द्या आणि सांगा, काम सकाळी सहा ते नऊमध्ये करा, तेवढ्यात उरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, मला घाई नाही. दुपारी गाडीला हात लावायचा नाही, हे मालकाला फोनवर स्पष्ट सांगा. गिऱ्हाइकानं सांगितलं तर मालक ऐकतो. वॉशिंग सेंटर चालवणाऱ्यांनाही माझी हीच विनंती आहे. एप्रिल ते जून सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर अशी वेळ ठेवा, वॅक्सचं काम मात्र सकाळी नऊच्या आतच उरका, भिंतीवर पाटी लावा, माठ भरलेला ठेवा, ओआरएसची पाकिटं ठेवा, आणि दुपारच्या सुट्टीचे पैसे पोरांच्या पगारातून कापू नका. काम कमी होणार नाही. थंड पत्र्यावर वॅक्स लवकर पुसलं जातं, एकच गाडी दोनदा करावी लागत नाही आणि जळलेल्या बंपरवरून गिऱ्हाइकाशी होणारी भांडणं टळतात.